ताटाबरोबरची कॅप्सूल : सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला एन्झाइम देणाऱ्या नव्या आईबापांसाठी

दोन बादल्या पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारी, वर तेलाचा तवंग असलेली, वासाने घर डोक्यावर घेणारी शी. आमच्या घरात दहा महिने रोजचा विषय हाच होता. मुलगा सारखा भुकेला, अंगावर दूध पिऊनही रडायचा, वरचं अन्न सुरू केलं तर वाटीच्या वाटी संपवायचा, आणि वजनाचा काटा मात्र जागचा हलत नव्हता. हातपाय काड्या, पोट नगाऱ्यासारखं. सासूबाई म्हणायच्या, "पोऱ्या खास बरा, पन आंगले लागत नही." म्हणजे पोरगा खातो चांगला, पण अंगाला लागत नाही. पुढे तीन डॉक्टर झाले. एकाने जंताचं औषध दिलं, एकाने दूध बंद केलं, एकाने टीबीची शंका घेतली. पण आजाराचं खरं वर्णन सासूबाईंनीच केलं होतं. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं, कारण ते पचतच नव्हतं.

आता मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत आहे, आणि स्वतःच्या कॅप्सूल स्वतः मोजतो. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात हा आजार दुसऱ्या कुणाला नाही, त्यामुळे शिकायला शेजारी कुणी नव्हतं. ज्यांच्या हातात नुकताच एन्झाइमचा, म्हणजे अन्न पचवणाऱ्या औषधाचा, डबा पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. तो डोस रोजच्या ताटात कसा बसवायचा, एवढंच मी सांगू शकते.

आत काय बिघडलेलं असतं

थोडक्यात सांगते. आपलं स्वादुपिंड जेवणानंतर एक रस सोडतं. त्यात चरबी फोडणारं लायपेज, प्रथिनं फोडणारं प्रोटीएज आणि पिठूळ पदार्थ फोडणारं अमायलेज अशी एन्झाइम असतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो आणि शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या या चिकट रसाने तुंबतात आणि एन्झाइम आतड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. या आजाराच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण पंच्याऐंशी ते नव्वद जणांचं असं होतं. सगळ्यात मोठा फटका चरबीला बसतो, कारण तिला फोडायला लायपेजशिवाय दुसरं फारसं कुणी नसतं. न पचलेली चरबी शीतून बाहेर जाते आणि तिच्याबरोबर ए, डी, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात.

दोषी जनुकाची एकच प्रत असलेल्याला आजार होत नाही, पण आईबाप दोघांकडे अशी एकेक प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची चारात एक शक्यता. "आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं" हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. माझ्या माहेरी ते वर्षभर चाललं, सासरीही.

आधी पक्की खात्री

एन्झाइम हे आयुष्यभराचं औषध आहे, तेव्हा ते अंदाजाने सुरू करून चालवू नये. दोन तपासण्या महत्त्वाच्या.

पहिली घामाची. बाळाचा पापा घेतला की ओठांना खारट लागतं, वाळलेल्या घामाचे पांढरे कण कपाळावर दिसतात. आमच्या आत्याबाईंनी हे बारशालाच सांगितलं होतं आणि आम्ही हसलो होतो. घामातलं क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजार असण्याची शक्यता मोठी, ३० ते ५९ असेल तर पुढचा तपास, ३० च्या खाली असेल तर शक्यता कमी. ही तपासणी गावोगावी होत नाही. आम्हाला भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जावं लागलं.

दुसरी शीची. शीमधलं इलॅस्टेज ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर स्वादुपिंड कमी पडतंय, १०० च्या खाली आलं तर फारच कमी. नमुना बांधलेल्या शीचा द्या. पातळ जुलाबात पाणी मिसळल्याने आकडा खोटाच खाली येतो. एन्झाइम आधीच सुरू असलं तरी ही तपासणी चालते, कारण ती माणसाचंच इलॅस्टेज ओळखते, कॅप्सूलमधलं प्राण्याचं नाही.

डब्यावर काय वाचायचं

औषधाचं नाव पॅनक्रियाटिन. दुकानात ते क्रिऑन किंवा तसल्या दुसऱ्या नावाने मिळतं. डब्यावर दोन आकडे असतात आणि पहिली चूक इथेच होते. एक आकडा मिलिग्रॅमचा, म्हणजे १५० किंवा ३००. दुसरा लायपेजच्या युनिटचा, म्हणजे १०,००० किंवा २५,०००. तुमच्या कामाचा दुसरा. डॉक्टरांशी बोलताना, दुकानदाराला फोन करताना, वहीत लिहिताना नेहमी युनिटमध्येच बोला. "एक कॅप्सूल" म्हणालात तर दहा हजारांची की पंचवीस हजारांची, हे समोरच्याला कळणार कसं? एकदा आमच्याकडे दहाच्या जागी पंचवीसचा डबा आला होता. डब्यांचा रंग सारखाच, म्हणून चार दिवस लक्षातच आलं नाही.

कॅप्सूल उघडली की आत मोहरीपेक्षा बारीक दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर एक पातळ थर असतो. जठरातलं आम्ल एन्झाइमला मारून टाकतं. हा थर दाण्याला तिथून सुखरूप पार करतो आणि पुढे लहान आतड्यात, जिथे आंबटपणा कमी होतो, तिथे विरघळतो. दाणे चावू नका, कुटू नका, गरम पदार्थात घालू नका, हे सगळे नियम या एका थरापायी आहेत.

बाजारात जेवणानंतरची पाचक सिरप भरपूर मिळतात, डायस्टेज आणि पेप्सिनवाली. ती पीठ आणि प्रथिनांच्या पचनासाठी असतात, चरबीचं काम त्यांच्याकडून होत नाही. "हे स्वस्तात देतो, तेच आहे" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.

डोसचं गणित

डॉक्टर सुरुवात वजनावरून करतात. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या सूचना जगभर वापरल्या जातात, आपल्याकडचे डॉक्टरही बहुधा त्याच धरतात. तान्ह्या बाळाला दर दुधामागे २,००० ते ४,००० युनिट. चार वर्षांच्या आतल्या मुलाला किलोमागे १,००० युनिट प्रति जेवण, चार वर्षांवरच्याला किलोमागे ५०० पासून सुरुवात. नाश्त्यासारख्या छोट्या खाण्याला जेवणाच्या अर्धा डोस. मग शी, वजन आणि पोट पाहून हळूहळू वाढवायचं.

कमाल मर्यादाही आहे आणि ती पाठ करून ठेवा. एका जेवणाला किलोमागे २,५०० युनिट, दिवसभराचं मिळून किलोमागे १०,००० युनिट. याच्यावर जायचं नाही. १९९४ साली ब्रिटनमध्ये जास्त ताकदीच्या कॅप्सूल मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या मुलांचं मोठं आतडं जाड होऊन आकसल्याचं लक्षात आलं, आणि मर्यादा त्यानंतर ठरल्या. म्हणून "आज लग्नाचं जेवण आहे, पाच जास्त दे" हे मनाने करायचं नाही.

उदाहरण घेऊ. तीन वर्षांचा मुलगा, वजन १२ किलो. सुरुवात १२ गुणिले १,०००, म्हणजे एका जेवणाला १२,००० युनिट. दहा हजारांची कॅप्सूल असेल तर एक आणि थोडे दाणे, व्यवहारात बहुतेक डॉक्टर एकीनेच सुरुवात करतील. एका जेवणाची कमाल ३०,०००. दिवसाची कमाल १,२०,०००. हे तीन आकडे एका कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. वजन वाढलं की कागद बदला. आमचा पहिला कागद दीड वर्ष बदललाच नव्हता. मुलगा तीन किलोनं वाढला होता आणि डोस तोच. शी पुन्हा तेलकट व्हायला लागली तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारला, आणि मी गप्प.

द्यायचं कधी

चिठ्ठीवर "दिवसातून तीनदा" लिहिलेलं असलं तरी तीनदाच द्यायचं असं धरू नका. मूल जितक्यांदा चरबी खाईल तितक्यांदा. सकाळी दूध प्यायलं, एकदा. दहा वाजता शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, पुन्हा एकदा. ही गोळी घड्याळ पाहत नाही, ताट पाहते. नव्या आईबापांना समजावताना मी सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर घालवते.

पहिल्या घासाच्या अगदी आधी द्या. लायपेज अन्नाबरोबर आतड्यात उतरायला हवं. अर्धा तास आधी दिलं तर ते पुढे निघून जातं, जेवण झाल्यावर तासाने दिलं तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. मूल जेवायला चाळीस-पन्नास मिनिटं लावत असेल, आणि लावतातच, तर डोस दोन भागांत करा. अर्धा सुरुवातीला, अर्धा मध्ये. याचा आणखी एक फायदा असा की मुलाने ताट अर्ध्यावर सोडलं तर उरलेला डोस वाया जात नाही.

विसरलात, तर? जेवण नुकतंच संपलं असेल तर लगेच द्या. तास-दोन तास उलटले असतील तर सोडून द्या. पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

तान्ह्या बाळाला देताना

आमची सगळ्यात जास्त तारांबळ इथे उडाली, म्हणून जरा सविस्तर.

सफरचंद सोलून, वाफवून, चमच्याने एकजीव करून ठेवा. पूर्ण थंड होऊ द्या. हात धुवा. कॅप्सूल दोन्ही टोकांना धरून हलकेच फिरवली की उघडते. दाणे स्वच्छ कागदावर ओता आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे वाटे करा, तिसरा हिस्सा किंवा निम्मा. एक वाटा पाव चमचा गरात मिसळून बाळाच्या जिभेवर ठेवा आणि लगेच अंगावर घ्या. मिसळलेलं ठेवून देऊ नका, दर वेळी ताजं करा.

सफरचंदच का? दाण्यावरचा थर आंबट पदार्थात टिकतो. दुधात, खिरीत, पेजेत, वरणात तो आधीच विरघळायला लागतो, मग एन्झाइम तोंडातच कामाला लागतं आणि जिभेची, हिरड्यांची कातडी सोलते. आमच्याकडे दारात केळीची बाग, म्हणून मला वाटलं केळ्यात द्यावं. पण पिकलेल्या केळ्याचा आंबटपणा सफरचंदाइतका नसतो, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. रावेर-यावलच्या माणसाला बाजारातून सफरचंद विकत आणायला लावणारा हा आजार!

दूध पिऊन झालं की बाळाच्या तोंडात बोट फिरवून गालाच्या कडेला, हिरडीखाली दाणे अडकलेत का ते पाहा. अडकलेल्या दाण्यांनी तोंड येतं. बाळाच्या तोंडातले दाणे आईच्या स्तनाग्राला लागले तर तिथेही आग होते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्या. लंगोटाच्या जागी लाल पुरळ आलं तर शीतून बाहेर पडणारं एन्झाइम कातडीला चावतंय असं समजा. लंगोट लगेच बदला, झिंक असलेलं मलम जाड लावा, आणि डॉक्टरांना सांगा.

अंगावरचं दूध बंद करू नका. आईच्या दुधातही चरबी असते, म्हणून तिलाही एन्झाइम लागतं, इतकंच.

मूल चार-पाच वर्षांचं झालं की कॅप्सूल गिळायला शिकवा. आम्ही साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यापासून सुरुवात केली, एका वेळी एक, पाण्याच्या घोटाबरोबर. पंधरा दिवस लागले. कॅप्सूल घशात कोरडी राहू नये, वर पाणी प्यायलाच हवं.

आपल्या ताटात चरबी कुठे आहे

दवाखान्यातला आहाराचा तक्ता पाहिला तर त्यात चीज, बटर, ओट्स असतात. आपल्याकडच्या ताटावर कुणी लिहिलेलं नसतं. म्हणून मी स्वतःच्या घरचा हिशेब मांडला.

एक छोटा चमचा तेल किंवा तूप म्हणजे साधारण ५ ग्रॅम चरबी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, जवळजवळ १५ ग्रॅम. म्हशीच्या दुधाच्या २०० मिलिलिटर पेल्यात १२ ते १४ ग्रॅम, गाईच्या दुधात त्याच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त. एक अंडं ५ ग्रॅम. केळं, पेरू, काकडी, कलिंगड, साखर, गूळ, लिंबू सरबत यांत जवळजवळ काहीच नाही, तेव्हा त्यांना एन्झाइम नको.

आता आपले पदार्थ. कळण्याची भाकरी नुसती खाल्ली तर चरबी कमी, पण वर तेल घातलेला ठेचा आला की हिशेब बदलतो. वाफवलेले फुनके (डाळीचे मुटके) हलके, तेल ओतून खाल्ले तर जड. शेवभाजीत शेव तळलेली आणि वर तर्री, म्हणजे दुहेरी. वरण-बट्टीत बट्टी तळलेली, तीवर तुपाची धार. आमच्या घरी तुपाचा चमचा मोजूनच पडतो, आणि पाहुण्यांना ते चमत्कारिक वाटतं. भरीत फसवं आहे. भाजलेलं वांगं म्हणून हलकं वाटतं, पण कुटलेले शेंगदाणे, खोबरं आणि मोकळ्या हाताची फोडणी, आणि थंडीतल्या भरीत पार्टीला शेतात सोबतीला तळलेल्या पुऱ्या! त्या दिवशी कॅप्सूलची डबी विसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी संडासच तुम्हाला सांगतं.

उपवासाचं तर विचारूच नका. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटात आणि तुपात भिजलेली. "उपवासाचं आहे, हलकं आहे" म्हणून सासूबाईंनी एकदा एन्झाइमशिवाय दिली होती. घरात एकादशीला सगळ्यात जास्त चरबी खाल्ली जाते, हे मला तेव्हा कळलं.

एका गोष्टीवर मात्र भांडायची तयारी ठेवा. नातेवाईक सांगतील, "चरबी पचत नाही ना, मग तेल-तूप बंद कर." कधीकाळी डॉक्टरही तेच सांगत. आता तसं सांगत नाहीत. या मुलांना इतर मुलांपेक्षा जास्त ऊर्जा लागते, कारण श्वास घ्यायला आणि छातीच्या संसर्गाशी झगडायलाही ती खर्च होते. एकूण ऊर्जेतला ३५ ते ४० टक्के वाटा चरबीचा असावा असं सांगितलं जातं. तूप बंद केलं की शी सुधारते आणि मूल खंगतं. तूप ठेवा आणि तुपाला पुरेल इतकं एन्झाइम द्या.

जीवनसत्त्वांची गोळी किंवा थेंबही चरबी असलेल्या जेवणाबरोबर, एन्झाइमसोबतच द्या. रिकाम्या पोटी दिलेलं जीवनसत्त्व ई बाहेरच जाणार.

मे महिना

दोन गोष्टी, दोन्ही गंभीर.

एक, औषध. बहुतेक डब्यांवर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. उष्णतेने आणि दमटपणाने लायपेज मरतं, आणि कॅप्सूल बाहेरून जशीच्या तशी दिसते. मोटारसायकलच्या डिकीत, एसटीच्या खिडकीशी, ट्रॅक्टरच्या सीटखाली, चुलीजवळच्या फडताळात डबा ठेवू नका. आम्ही घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, माठाच्या बाजूला, झाकण घट्ट असलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. माठाच्या ओलाव्यात मात्र नाही, आणि आतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका. फ्रिजबद्दल डब्यावरची सूचना वाचा आणि दुकानदाराला विचारा, काही औषधांच्या डब्यांवर फ्रिजमध्ये ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात एका वेळी महिन्याचाच साठा घ्या. कुरिअरने मागवत असाल तर तो डबा किती दिवस कुठल्या गोदामात पडला होता ते कुणालाच माहीत नसतं.

दोन, मीठ. या मुलांच्या घामातून मीठ वाहून जातं. न्यूयॉर्कमध्ये १९४८ च्या उन्हाच्या लाटेत दवाखान्यात आलेल्या लहान मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं जास्त होती, आणि तिथूनच घामातल्या मिठाचा शोध लागला. आपल्याकडे तसली लाट दर वर्षी येते. मूल सुस्त पडलं, उलट्या होत आहेत, लघवी कमी झाली, तर "ऊन लागलं" म्हणून कांदा हुंगायला देत बसू नका, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. तान्ह्या बाळांना रोज एक अष्टमांश छोटा चमचा मीठ आणि सहा महिन्यांनंतर पाव चमचा अशी अमेरिकेतली शिफारस आहे, पण आपल्या उन्हात किती हे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मोठ्या मुलाला ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत, ओआरएस. ताक पातळ आणि लोणी काढलेलं असेल तर आम्ही एन्झाइम देत नाही. सायीचं दही घुसळून तसंच दिलं तर देतो.

आखाजी, लग्न, शाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी, आमरस, तूप, दूध, आणि तेही दिवसभर थोडं थोडं. असल्या दिवशी दर घासामागे कॅप्सूल देता येत नाही. आम्ही जेवणाच्या दोन ठरलेल्या वेळा करतो, त्या वेळी पोटभर खाऊ देतो, आणि मधल्या वेळेत फळं. लग्नात पंगत उशिरा बसते, म्हणून पत्रावळीवर पहिला पदार्थ पडेपर्यंत कॅप्सूल हातातच ठेवायची. घाईने आधी दिली आणि वाढपी अर्ध्या तासाने आले, असं आमच्याबाबतीत दोनदा झालं आहे.

शाळेत वर्गशिक्षकांना एक पानाचं पत्र द्या. आजाराचं नाव, कॅप्सूल खाण्याआधी लागते, ती व्यसनाची किंवा संसर्गाची नाही, आणि मुलाला संडासला जायची परवानगी लगेच द्यावी. जेवणाच्या डब्याबरोबर एक छोटी डबी, त्यात तेवढ्याच कॅप्सूल. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत तेल किती असतं ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारून घ्या, त्या सरळ सांगतात.

लागू पडतंय का, कसं ओळखायचं

एक वही ठेवा. तीन रकाने पुरतात. काय खाल्लं, किती युनिट दिले, शी कशी झाली. शी बांधलेली, तेल नसलेली, दिवसातून एक-दोनदा. पोट कमी फुगलेलं. भूक माणसासारखी. आणि वजन, महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. शी लवकर सुधारते, वजनाला वेळ लागतो.

सुधारणा होत नसेल तर डोस वाढवण्याआधी ही यादी तपासा. मुदत संपली आहे का. डबा उन्हात राहिला होता का. मूल दाणे चावतं का. आजी लपून चिवडा देते का (आमच्याकडे देत होत्या). जेवण लांबतं का. एवढं सगळं ठीक असेल तर डॉक्टर जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी देऊ शकतात, कारण या मुलांच्या आतड्यात आंबटपणा जास्त राहतो आणि दाण्यावरचा थर उशिरा विरघळतो. तरीही फरक नसेल तर शोध दुसरीकडे घ्यायचा असतो. जिआर्डियासारखे जंतू, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजार, दुधातली साखर न पचणं. कमाल मर्यादेपर्यंत डोस गेला आणि शी तशीच असेल तर आणखी एन्झाइम हे उत्तर नसतं.

उलट शी घट्ट झाली म्हणून एन्झाइम बंद करू नका. पाणी, मीठ, आणि डॉक्टरांचा सल्ला. पोटात उजवीकडे खाली कळ, पोट फुगलेलं, शी बंद आणि हिरवी-पिवळी उलटी असेल तर घरी थांबू नका. चिकट मळाने आतडं तुंबलेलं असू शकतं आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो.

दहा वर्षांनंतर दर वर्षी साखरेची तपासणी करायची असते, कारण हेच स्वादुपिंड इन्शुलिनही बनवतं. जीवनसत्त्वांची पातळीही वर्षातून एकदा पाहतात.

डुकराचा प्रश्न

हे लपवू नये, म्हणून सांगते. पॅनक्रियाटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. आमचं घर माळकरी. मला हे कळलं तेव्हा मुलगा दोन महिने कॅप्सूल खात होता आणि वजन नऊशे ग्रॅमनी वाढलं होतं. सासरे रात्रभर बोलले नाहीत. सकाळी त्यांनीच मुलाला चमचा भरवला. दवाखान्यात भेटलेल्या एका मुस्लिम कुटुंबाने आपल्या मौलवींना विचारलं, एका जैन आईने महाराजांना. तुम्हीही विचारा, पण विचारेपर्यंत औषध थांबवू नका. त्याच्या तोडीचं वनस्पतीचं औषध दुकानात मिळत नाही.

पैसा

औषध महाग आहे आणि कायमचं आहे. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या धोरणात, दुसऱ्या गटात, सिस्टिक फायब्रोसिससाठी स्वादुपिंडाच्या एन्झाइमचा उल्लेख नावानिशी आहे. २०२२ पासून या धोरणाखाली नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्याला जवळचं केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय. घामाच्या तपासणीचा अहवाल, जनुकाचा अहवाल, आधार कार्ड, शिधापत्रिका, सगळ्याच्या तीन-तीन प्रती घेऊन जा. एका फेरीत काम होत नाही. आम्हाला चार फेऱ्या लागल्या आणि प्रत्येक वेळी एक नवा कागद मागितला गेला.

गावातल्या दुकानात हा डबा तयार नसतो. दुकानदाराला मुलाचं वजन आणि महिन्याचे किती डबे लागतात ते सांगून ठेवा, तो जळगावहून मागवून ठेवेल. शेवटचा डबा उघडला की त्याच दिवशी पुढच्याचा फोन करा. दिवाळीत घाऊक दुकानं चार-पाच दिवस बंद असतात, आणि घरात करंज्या, शेव, अनारसे नेमके तेव्हाच.